दुकानाचं चालू खातं आणि कॅश क्रेडिट: गावातल्या नागरी बँकेत जाण्याआधी

आधी पाटी बघा. 'नागरी सहकारी बँक' असेल तर ठेवीला व्याजासह ₹5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला हे कवच नाही. हा विमा माणशी, बँकेगणिक आहे. त्यामुळे एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून काही साधत नाही.

एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातं उघडायला पॅन, आधार आणि धंद्याचे दोन पुरावे न्या: गुमास्ता (दुकानाची नोंदणी), उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे कशाला? अर्ज बहुतेक नावावरूनच अडतो. गुमास्त्यावर 'श्री गणेश किराणा' आणि उद्यमवर 'गणेश स्टोअर्स' असेल, तर एक नाव आधी दुरुस्त करून घ्या.

कॅश क्रेडिट म्हणजे दुकानातल्या मालाच्या तारणावर, ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे उचलायची सोय. त्यात गल्लत होते ती इथे. मंजूर मर्यादा ₹5 लाख असली, तरी तेवढे उचलता येतीलच असं नाही. समजा दुकानात ₹6 लाखांचा माल आहे, त्यातला ₹1 लाखाचा उधारीवर आणलेला. उरले 5, बँकेचं मार्जिन (मालाच्या किमतीतला बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) 25 टक्के असेल, तर उचल ₹3.75 लाखांचीच. हा हिशेब स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे दुकानातल्या मालाच्या तक्त्यावरून होतो. ते बहुधा दर महिन्याला द्यावं लागतं. राहिलं की उचल अडकते आणि दिलेले चेक परत येतात.

वारसनोंद (नॉमिनेशन) खातं उघडाल त्याच दिवशी करा, पोच घ्या.