घरच्या माळ्यावर मॅट्रिक्स सर्व्हर, स्टँडर्ड कच्चं असतानाच

आमच्या देवगडच्या आंबेवाल्या ग्रुपचं चॅट, फोटो, बिलं सगळं आपल्याच मशीनवर हवं होतं म्हणून मी मॅट्रिक्सचा, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरना एकमेकांशी बोलू देणाऱ्या खुल्या चॅट स्टँडर्डचा, सिनॅप्स नावाचा सर्व्हर प्रोग्राम लावला. मॅट्रिक्सचा गाभा २०१९ मध्ये १.० झाला, तो पक्का आहे, पण नवीन गंमती एमएससी म्हणजे प्रस्ताव म्हणून येतात आणि पास व्हायच्या आधीच लोक वापरायला लागतात. आपण पण त्यातलेच.

आधी डोमेन. इथे घाई नको, कारण सर्व्हरचं नाव एकदा टाकलं की बदलता येत नाही, सगळ्यांचे आयडी त्यालाच चिकटतात. मी 'टेस्ट' सबडोमेन टाकलं, म्हटलं नंतर बघू, आणि मग सगळं पुसून परत मांडलं. बायको म्हणाली गणपतीचं मखर पण तुमचं दोनदाच लागतं. मूळ डोमेनच नाव म्हणून द्या, सर्व्हर कुठे आहे ते त्या डोमेनवरच्या वेल-नोन (.well-known) फाईलीत लिहा, मग ८४४८ पोर्ट न उघडता वेबसाईटच्या नेहमीच्या ४४३ वर फेडरेशन, म्हणजे इतर सर्व्हरांशी बोलणं, चालतं. घरचं ब्रॉडबँड सीजीनॅटमागे असेल, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटला असेल, तर पोर्ट उघडून काही होत नाही, स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा इंटरनेटवरचा सर्व्हर, घ्या आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका.

डेटाबेस पोस्टग्रेसच, त्याचं लोकेल (अक्षरं लावायच्या क्रमाचं सेटिंग) 'सी'. एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस चाखून बघण्यापुरता.

आता कच्चा माल. सिनॅप्सच्या कॉन्फिग फाईलीत 'एक्सपेरिमेंटल फीचर्स' असा भाग असतो, तिथे एका वेळी एकच चालू करा, आणि नावात एमएससीचा नंबर दिसला की समजा हे उद्या बदलणार. स्लायडिंग सिंकचंच (ॲप झटपट उघडावं म्हणून लागेल तेवढंच चॅट आणायची पद्धत) बघा ना, पहिला प्रस्ताव ३५७५, त्याला वेगळी प्रॉक्सी, म्हणजे मधला प्रोग्राम, लागायची, मी ती इमानेइतबारे चालवली, मग सुटसुटीत ४१८६ आला तो थेट सिनॅप्सच्या पोटात, आणि प्रॉक्सी गेली अडगळीत. म्हणून असल्या खेळांसाठी दुसऱ्या नावाचा वेगळा सर्व्हर ठेवा, हिशोबाची बिलं त्यावर नकोत. अपग्रेड नोट्स वाचल्याशिवाय अपग्रेड नको, डेटाबेसचा स्कीमा (रचना) पुढे गेला की जुनं व्हर्जन परत चालेलच असं नाही, मग आधी काढलेला डंप, म्हणजे डेटाबेसची अख्खी कॉपी, तोच कामाला येतो. डंपबरोबर साईनिंग की (सर्व्हरच्या सहीची चावी) आणि मीडिया स्टोअर (फोटो-फाईलींचा फोल्डर) पण कॉपी करा, ती चावी हमखास राहते.

नवीन लोकांचं रजिस्ट्रेशन मुळात बंदच असतं, तसंच राहू दे. मोठ्या पब्लिक रूममध्ये हौसेने शिरू नका, छोट्या मशीनची रॅम तिथेच संपते.

आणि यूपीएसवर राउटर पण लावा. पहिल्या पावसात लाईट गेली तेव्हा माझा सर्व्हर मस्त चालू होता, राउटर मात्र थेट भिंतीत.