ग्राहक मागचे तीन आकडे सांगायला कचरतो तेव्हा

फोनवर ऑर्डर घेताना एक क्षण हमखास येतो. नाव झालं, पत्ता झाला, कार्ड नंबर झाला, मुदत झाली. आपण म्हणतो, "आता कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगा," आणि पलीकडे शांतता. मी ९ वर्षं कानाला हेडसेट लावून ऑर्डरी घेतल्या. पहिली दोन वर्षं ती शांतता मला झोंबायची. "आम्ही काय चोर आहोत का?" असं तोंडाने कधी म्हटलं नाही, पण आवाजात यायचं, आणि ग्राहकाला ते बरोबर कळायचं.

मग एका गृहस्थांनी विचारलं, "सांगतो, पण तुम्ही ते लिहिताय कुठे?" मी खाली पाहिलं. समोर पिवळं पॅड, त्यावर सकाळपासूनची सात कार्डं. नंबर, मुदत, तीन आकडे, सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. सिस्टिम रडतखडत चालायची, म्हणून आम्ही सगळ्याच आधी कागदावर उतरवून घ्यायचो. संध्याकाळी पान फाडून टोपलीत. फाडून म्हणजे दोन तुकडे करून. मी त्यांना सांगितलं, "थेट कॉम्प्युटरमध्ये." चक्क खोटं बोलले.

म्हणून फोनवर पैसे घेणाऱ्यांनी आधी आपलं टेबल आवरावं. सीव्हीव्ही, म्हणजे हेच मागचे आकडे, कागदावर नाही, चॅटमध्ये नाही, ग्राहकाच्या नोंदीतल्या शेऱ्यात तर नाहीच. कार्ड कंपन्यांनी मिळून २००४ मध्ये आणलेल्या पीसीआय डीएसएस नियमांत हे स्पष्ट आहे: व्यवहार मंजूर झाला की हा आकडा दुकानदाराने साठवायचा नाही, एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलूनसुद्धा नाही. कॉलचं रेकॉर्डिंग होत असेल तर तेही साठवणंच झालं. आकडे सांगायच्या वेळी रेकॉर्डिंग थांबतं का, हे सुपरवायझरला विचारा. "बहुतेक थांबतं" हे उत्तर चालवून घेऊ नका.

आता ग्राहक कचरतो का, ते समजून घ्या. नंबर आणि मुदत कुठूनही फुटू शकते. कार्डावरच्या काळ्या पट्टीतही एक कोड असतो, पण तो मागे छापलेल्या आकड्यांपेक्षा वेगळा. म्हणजे कोणी पट्टीची नक्कल केली तरी छापलेले आकडे त्याला मिळत नाहीत. कार्ड हातात आहे, असं दूरवरून दाखवायला ग्राहकाकडे मुख्यतः तेच असतात, आणि आपण तेच एका अनोळखी आवाजाला सांगायला लावतो. कचरणारच.

अशा वेळी "घाबरू नका, एकदम सेफ आहे" हे वाक्य गिळून टाका. फसवणारेही नेमकं हेच म्हणतात. मी पुढे असं बोलायला लागले: "तुम्ही थांबलात ते बरोबरच आहे. हे आकडे या एका व्यवहाराच्या मंजुरीसाठी लागतात, आमच्याकडे राहत नाहीत. फोनवर सांगायचे नसतील तर दुसरे मार्ग आहेत, सांगू?" आणि मग गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची सवय लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिला मार्ग म्हणजे त्याला फोन ठेवू देणं. त्याने आमचा नंबर स्वतः शोधावा, जुन्या बिलावरून किंवा वेबसाइटवरून, आणि परत फोन करावा. नंबर आपण सांगायचा नाही. आपणच दिलेल्या नंबरावर आपली खात्री करून घेण्यात काय अर्थ? स्क्रीनवर दिसणारा नंबरही पुरावा नाही, तो खोटा दाखवता येतो. काही लँडलाइनवर तर फोन करणाऱ्याने लाइन सोडली नाही तर ती थोडा वेळ चालूच राहते, म्हणून परत फोन शक्यतो दुसऱ्या फोनवरून करायला सांगा. आणि फोन आपणच त्याला केलेला असेल, तर कार्डाचा विषयच काढू नका. यावर आमच्याकडे वाद झाले, विक्री बुडते म्हणून. माझं मत बदललं नाही.

दुसरा, पेमेंटची लिंक. पण लिंक फसवणारेही पाठवतात, तेव्हा नुसती पाठवून मोकळं होऊ नका. तो लाइनवर असतानाच पाठवा, रक्कम किती आणि नाव कोणतं दिसेल ते आधी सांगा. दिसलेलं जुळलं नाही तर पैसे भरू नका, हेही सांगा. ओटीपी आला तर तो त्याने त्याच पानावर टाकायचा, आपल्याला वाचून दाखवायचा नाही.

तिसरा, फोनचीच बटणं दाबून आकडे देणं. इथे एक मेख आहे. प्रत्येक बटणाचा आवाज दोन सुरांचा असतो. १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ एकत्र वाजतात. साध्या रेकॉर्डिंगमधून ते सूर ओळखून आकडे परत काढता येतात. त्यामुळे सूर झाकणारी सोय असेल, म्हणजे आपल्याला एकसुरी टूंटूं ऐकू येतं आणि स्क्रीनवर फुल्या दिसतात, तरच हा मार्ग सुचवा.

तरीही काही जण म्हणतात, "जाऊ दे, सांगतोच, घ्या लिहून." मग आकडे मोठ्याने परत म्हणू नका. त्याच्या शेजारी कोणी असेल, आपल्या शेजारी तर असतंच. सगळा कार्ड नंबर परत म्हणायचीही गरज नसते. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने ठरलेला असतो, एक आकडा चुकला की सिस्टिमच नंबर नाकारते. शेवटचे चार वाचून दाखवले की पुरे. सीव्हीव्हीला असा पडताळा नाही. चुकला तर बँक नाकारेल, पुन्हा विचारा.

अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड असेल तर नंबर १५ आकडी, आणि कोड चार आकडी, तोही पुढच्या बाजूला. हे माहीत नसताना मी एका बाईंना चांगली दोन मिनिटं कार्ड उलटंपालटं करायला लावलं होतं.

परताव्यासाठी सीव्हीव्ही लागत नाही. पैसे मूळ व्यवहारावरूनच परत जातात. म्हणून "रिफंड करायचाय, मागचे आकडे द्या" असं आपल्याकडून कोणी म्हणत असेल तर त्याला तिथेच अडवा. तसंच "पुढच्या वेळी लागेल म्हणून ठेवून घेते" हेही.

सगळं करून ग्राहक नाहीच म्हणाला, तर ऑर्डर एक दिवस राखून ठेवा आणि फोन ठेवा. पुन्हा पुन्हा फोन करून पाठपुरावा करू नका.

याउलट काही जण न विचारता सगळंच सांगत सुटतात. एकदा एक आजोबा सीव्हीव्हीच्या पाठोपाठ "आणि पिन आहे..." म्हणाले. अशा वेळी शिष्टाचार बाजूला ठेवून मध्येच तोडायचं. मी "आजोबा, थांबा!" म्हणून ओरडले, तोवर दोन आकडे सांगून झाले होते. ऑर्डर बाजूला ठेवली आणि आधी त्यांना पिन कसा बदलायचा ते सांगितलं.