गरुड परतल्यावर पक्ष्यांच्या वसाहतीची नोंद कशी घ्यावी

डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बाल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची संख्या इतकी घसरली, की १९६३ साली अलास्का व हवाई वगळता उर्वरित अमेरिकेत विणीच्या केवळ ४१७ जोड्या आढळल्या. १९७२ मध्ये त्या कीटकनाशकावर बंदी आली आणि २०१८-१९ च्या पाहणीत वापरातील घरट्यांचा अंदाज ७१,००० च्या वर गेला. या आनंददायक पुनरागमनाचा इतर पक्ष्यांवर होणारा परिणाम टिपताना गरुडाने किती पक्षी मारले एवढेच मोजू नये. त्याच्या भीतीने अनेकदा त्याहून अधिक नुकसान होते.

निरीक्षणासाठी आपली बसण्याची जागा गरुडाच्या घरट्यापासून किमान १०० मीटर लांब आणि आडोशाची असावी. आपल्या चाहुलीने उडालेला थवा गरुडाच्या खाती जमा झाला, तर त्या दिवसाची नोंद निरुपयोगी ठरते.

वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळील टाटूश बेटावरचे कॉमन मर हे समुद्रपक्षी घरटे बांधत नाहीत. कड्याच्या उघड्या खडकावर मादी एकच अंडे घालते आणि पक्षी अंगाला अंग लावून उभे असतात. गरुड वरून गेला की ते समुद्राकडे झेपावतात, अंडी उघडी पडतात आणि टपून बसलेले कुरव व कावळे ती पळवतात. म्हणून गरुड दिसल्याची वेळ, उडालेल्या पक्ष्यांचा अंदाज, ते परतेपर्यंत गेलेली मिनिटे आणि अंडी नेणारा पक्षी, हे सारे लिहावे. माझ्या मते यातील मिनिटांची नोंद सर्वांत मोलाची आहे. गरुडाचे वयही लिहावे, कारण डोके पूर्ण पांढरे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात आणि तपकिरी डोक्याचे तरुण पक्षी सहसा वीण करत नाहीत.

उलट चित्रही नोंदवावे. ब्रिटिश कोलंबियात मोठे निळे बगळे कधी कधी गरुडाच्या घरट्याजवळच सारंगागार, म्हणजे घरट्यांची सामूहिक वसाहत, वसवतात. तेथील गरुडांची जोडी अधूनमधून पिल्लू उचलत असली, तरी इतर गरुडांना हुसकावून लावते. असा प्रत्येक पाठलाग वेळेसह लिहावा.

निष्कर्षाची घाई मात्र टाळावी. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटावरून बाल्ड ईगल नाहीसा झाल्यानंतर तेथे सोनेरी गरुड स्थिरावला; रानटी झालेल्या डुकरांची पिल्ले त्याला आयती मिळत होती आणि छोटे बेटकोल्हेही त्याच्या तावडीत सापडू लागले. पुढे डुकरे हटवली, सोनेरी गरुड पकडून दूर सोडले, २००२ पासून बाल्ड ईगल पुन्हा आणले, कोल्ह्यांची पिंजऱ्यात वीणही केली, आणि २०१६ मध्ये तेथील कोल्हा संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. यातील एकट्या बाल्ड ईगलचा वाटा वेगळा काढता येत नाही. त्यामुळे माशांची उपलब्धता, वादळे, रोग व माणसांची वर्दळ यांसाठी नोंदवहीत स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि गरुड नसलेल्या एका वसाहतीचीही दरवर्षी त्याच आठवड्यांत गणना करावी.