दहा हजारांची नोट, किंमत दहा

माझ्या संग्रहातली पहिली दक्षिण अमेरिकी नोट ब्राझीलची. दहा हजार क्रुझेरो, त्यावर तिथले राजकारणी रुई बार्बोझा यांचं चित्र आणि बाजूला एक गोल शिक्का. शिक्का बघून मला वाटलं, ही नोट रद्द झालेली आहे. नंतर भिंगाखाली धरून वाचलं, तर लिहिलं होतं १० क्रुझादो. १९८६ साली महागाईला कंटाळून ब्राझीलने चलनातली तीन शून्यं उडवली होती, हजार क्रुझेरोंचा एक क्रुझादो केला होता. नवीन नोटा येईपर्यंत जुन्याच नोटांवर नवी किंमत उमटवून काम भागवलं. म्हणजे शिक्का हीच त्या नोटेची ओळख होती.

म्हणून नवख्यांना मी सांगतो, मोठा आकडा नंतर बघा, आधी शिक्का वाचा. ब्राझीलमध्ये तर त्याचा आकारही बोलतो. १९८६ चा शिक्का गोल. १९८९ मध्ये पुन्हा तीन शून्यं गेली, तेव्हाचा त्रिकोणी. मशादु जि असीस या लेखकाचं चित्र असलेली हजार क्रुझादोंची नोट त्या त्रिकोणाने एका नव्या क्रुझादोची झाली. १९९० मध्ये पुन्हा क्रुझेरो, १९९३ मध्ये क्रुझेरो रेआल, १९९४ मध्ये रेआल. आठ-नऊ वर्षांत पाच चलनं! भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी हे कसं निभावलं असेल, हा विचार त्या नोटा हातात घेतल्या की अजूनही येतो.

दुसरा चकवा तारखेचा. बोलिव्हियाच्या एका नोटेवर २८ नोव्हेंबर १९८६ वाचून मी पाकिटावर ‘१९८६’ लिहिलं. ती तारीख नवं चलन आणणाऱ्या कायद्याची निघाली. त्याच कायद्याचा उल्लेख पुढे कितीतरी वर्षं छापला जात राहिला. छपाईचा काळ ठरवायचा तर नंबरापुढचं सिरीजचं अक्षर आणि अधिकाऱ्यांच्या सह्या पाहाव्या लागतात. अर्जेंटिनाच्या कित्येक नोटांवर तर सालच नसतं, तिथे सह्यांवाचून गत्यंतर नाही. सह्या जुळवायला वेळ लागतो, पण मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

देश ओळखताना भाषा बघा. शंभरासाठी ‘सी-ई-एम’ असेल तर पोर्तुगीज, म्हणजे ब्राझील. ‘सी-आय-ई-एन’ असेल तर स्पॅनिश. गोव्यातल्या ज्यांच्या घरी जुन्या पोर्तुगीज रुपिया नोटा आहेत, त्यांना हा पहिला शब्द ओळखीचा वाटेल. चिलीच्या जुन्या नोटांवर पेसोसोबत ‘कोंदोर’ही दिसतो. दहा पेसोंचा एक कोंदोर, त्यामुळे शंभर पेसोंवर दहा कोंदोर लिहिलेलं असतं. ती चूक नाही.

खरेदीबद्दल थोडंच सांगतो. घडी न पडलेली नोट घ्या. डाग धुऊन काढायला जाऊ नका, कागदाचा करकरीतपणा जातो. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. आणि सुरुवातीला एकच देश घ्या. मी दोन वर्षं नुसता ब्राझील केला. आता बोलिव्हियाकडे वळलोय. १९८७ मध्ये तिथे दहा लाख पेसोंचा एक बोलिव्हियानो झाला आणि दहा हजार पेसोंच्या नोटेवर ‘१ सेंताव्हो’, म्हणजे बोलिव्हियानोचा शंभरावा भाग, छापलं गेलं. ती नोट मला अजून कोरी मिळालेली नाही. प्रत्येक प्रदर्शनात पहिली चौकशी तिचीच करतो.