तिकालला जाताय? मुक्काम आतच करा

ग्वाटेमालातलं तिकाल राष्ट्रीय उद्यान बहुतेक जण फ्लोरेस गावातून एका दिवसात उरकतात. जमलं तर उद्यानातल्याच एखाद्या लॉजवर एक रात्र राहा. माया लोकांची दगडी मंदिरं दुपारीही तिथेच असतात, पण प्राणी-पक्षी दिसतात ते पहाटे नि संध्याकाळी.

भल्या सकाळी थेट चार क्रमांकाचं मंदिर गाठा. उंची सुमारे 65 मीटर, चढायला लाकडी जिना आहे. वरून नजर जाईल तिथवर जंगल, आणि त्यातून वर आलेले बाकीच्या मंदिरांचे माथे. सूर्योदय बरेचदा धुक्यात हरवतो, तेव्हा हिरमुसू नका. हाउलर माकडांच्या डरकाळ्या तेवढ्या कान देऊन ऐका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटावा असा आवाज! एक क्रमांकाच्या मंदिराचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून त्याचे फोटो दुपारनंतर काढा. त्यावर चढायला मनाई आहे.

शेपटी ताठ उभी करून, नाकाने पाचोळा उकरत कोआटींचा, म्हणजे रॅकूनच्या कुळातल्या लांब नाकाच्या प्राण्यांचा, कळप अगदी पायाशी येईल. कितीही गोड दिसले तरी बिस्किटाचा तुकडाही टाकू नका. माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते धीट होतात, पिशव्यांवर झडप घालतात.

कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. एरवी चुनखडीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेतच. पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम आणि भरपूर पाणी सोबत घ्या.