मायग्रेशन अडलं की आधी काय बघायचं

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर नव्याने काम करणाऱ्यांना मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइली चालवतानाची, एरर आली की बहुतेकांचा हात आधी मायग्रेशनच्या फाइली डिलीट करायला जातो. स्वतःच्या लॅपटॉपवर ते खपून जातं. पण लागलेली सवय पुढे खऱ्या ग्राहकांचा डेटा असलेल्या सर्व्हरपर्यंत येते, आणि तिथे ती फार महाग पडते. म्हणून कळकळीने लिहिते आहे.

फोल्डरमधल्या फाइली, डेटाबेसमधलं 'जँगो_मायग्रेशन्स' हे नोंदींचं टेबल आणि प्रत्यक्ष टेबलांची रचना, या तिन्हींचा मेळ बसायला हवा. कोणती फाइल चालून गेली हे जँगो फक्त नोंदींवरून ठरवतो. कॉलम खरोखर आहे की नाही, हे तो बघायला जात नाही. सातबाऱ्यावर एक आणि शेतात दुसरंच, तशातली गत. मला भेटलेल्या बहुतेक एररांचं मूळ इथेच होतं.

त्यामुळे काहीही चालवण्याआधी नुसतं बघा. एररची शेवटची ओळ नीट वाचा. 'शोमायग्रेशन्स' ही आज्ञा दिली की नोंदी दिसतात, 'एसक्यूएलमायग्रेट' दिली की ती फाइल नेमकं कोणतं एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) चालवणार ते दिसतं. मग थेट डेटाबेसमध्ये जाऊन टेबलाची रचना पाहा. टेबल आधीच अस्तित्वात आहे असं एरर म्हणत असेल, तर टेबल आहे आणि नोंद नाही. कोणीतरी ते हाताने बनवलेलं असतं, किंवा जुना बॅकअप चढवताना गडबड झालेली असते. कॉलम सापडत नाही म्हणत असेल, तर अनेकदा उलटं असतं : नोंद आहे, कॉलम नाही.

'मायग्रेट --फेक' हा पर्याय फक्त नोंद करतो, टेबलाला हात लावत नाही. रचना फाइलीतल्याशी तंतोतंत जुळते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच तो वापरा. आणि प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) बॅकअप घेतल्याशिवाय अजिबात नाही.

तुमचा डेटाबेस कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. पोस्टग्रेसवर जँगो एरवी अख्खं मायग्रेशन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो. मध्येच फसलं तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा चालली की ती लगेच पक्की होते. एका फाइलीत तीन बदल असले आणि तिसरा फसला, तर पहिले दोन तसेच राहतात आणि नोंद मात्र होत नाही. पुन्हा चालवलं की कॉलम आधीच आहे म्हणून नवीच एरर येते. मायएसक्यूएल असेल तर एका फाइलीत एकच बदल ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

कोडच्या दोन ब्रँचमध्ये (स्वतंत्र प्रतींमध्ये) दोघांनी आपापली सातव्या क्रमांकाची फाइल बनवली तर दोन्ही जोडायला 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' आहे. मात्र दोघांनी एकाच फील्डला हात लावला असेल तर आधी त्या सहकाऱ्याशी बोला.

भरलेल्या टेबलात नवा सक्तीचा कॉलम घालायचा असेल तर आधी तो रिकामा चालेल असा घाला, जुन्या ओळी भरा, मग सक्ती लावा.

एरर न येताही साइट बंद पडू शकते, आणि हे नव्यांना कोणी सांगत नाही. पोस्टग्रेसमध्ये कॉलम घालण्यासाठी टेबलावर सर्वांत कडक लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) लागतं. त्याच वेळी एखादा लांबलचक रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल, तर मायग्रेशन थांबून राहतं आणि त्या टेबलावरच्या नंतरच्या साध्यासुध्या क्वेरीही त्याच्यामागे रांगेत अडकतात. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या पोस्टग्रेसच्या यादीत कोण कशासाठी थांबलंय ते दिसतं. 'लॉक_टाइमआउट' (लॉकसाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा) काही सेकंदांवर ठेवलात तर लॉक न मिळाल्यास मायग्रेशन आपणहून माघार घेतं. रिपोर्ट संपू द्या आणि पुन्हा चालवा.