मेच्या सुट्टीचं विमानाचं तिकीट क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर काढायचंय?

मग तयारी दिवाळीतच सुरू करा, आणि पहिलं काम सिबिलचं, म्हणजे क्रेडिट स्कोअर बघायचं. सिबिल धरून चारही क्रेडिट ब्युरोंकडून, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढून फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, न घेतलेलं एखादं आपल्या नावावर आहे का, ते बघा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असला की नवं कार्ड मिळायला सहसा अडचण येत नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघत असाल तर मात्र नवं कार्ड तूर्तास राहू द्या. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते, आणि बऱ्याच बँका गृहकर्जाचा दर स्कोअर बघून ठरवतात. ६० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जाला ८.५० ऐवजी ८.७५ टक्के लागले तर हप्ता साधारण साडेनऊशे रुपयांनी वाढतो. सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या वर. तेवढ्यात अख्खं कुटुंब कितीदा तरी गोव्याला जाऊन येईल, तेही रोख तिकिटावर.

घर घ्यायचं नसेल तर कागद-पेन घेऊन बसा. ५,००० रुपये वार्षिक फी म्हणजे जीएसटी धरून ५,९००. शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंट २५ पैशांचा, असा हिशोब असेल तर वर्षाला तीन लाख खर्चून हाती येतात १,५००. मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा हे गणित मांडून दाखवत नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांवर अनेक कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत. जांभळी नाक्यावर दुकानदार कार्डासाठी वर दोन टक्के मागत असेल तर सरळ रोख द्या.

ऑटो-डेबिट पूर्ण बिलाचं लावा. नुसतं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकतं, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. फ्रिज-टीव्ही घेतलाच तर बिल बनायच्या आधी थोडे भरून टाका. जुनं, बिनफीचं कार्ड बंद करू नका.

पॉइंट एअरलाइनकडे वळवायचे ते सीट दिसल्यावरच, कारण ते सहसा परत येत नाहीत. टॅक्स वेगळा भरावा लागतो तो वेगळाच. शोधताना डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळही टाकून बघा. विमानतळावरचं लाउंज हवं असेल तर अट आधीच वाचा: बऱ्याच कार्डांना मागच्या तिमाहीतला खर्च लागतो, म्हणजे मेसाठी जानेवारी ते मार्चचा.